विश्लेषण : एआय मॅन्युअल लिहीत असताना टेक्निकल रायटिंगची पदवी कशासाठी?

अमेरिकेतील टेक्निकल रायटर्सची सात दशके जुनी संघटना दिवाळखोरीत निघाली आणि एआय काही सेकंदांत वापरपुस्तिका लिहून देऊ लागले. तरीही हा विषय विद्यापीठात शिकण्याजोगा आहे. मात्र तो ‘चांगले इंग्रजी’ म्हणून शिकवला गेला, तर पदवीचा उपयोग नाही. महाराष्ट्रात तर तो मराठीतही शिकवण्याची गरज आहे.

जानेवारी २०२५ मध्ये ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ अर्थात एसटीसी या संघटनेने कामकाज बंद करून दिवाळखोरीसाठी अर्ज करत असल्याचे जाहीर केले. तिची मुळे १९५३ पर्यंत मागे जातात. जगभरातल्या टेक्निकल रायटर्सना, त्यात भारतीयही आले, एकत्र आणणारी ही संघटना होती. तिच्या अखेरीचा अर्थ अनेकांनी ‘हा व्यवसायच संपला’ असा लावला. त्याच सुमारास चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून मॅन्युअलचा मसुदा करून घेणे कंपन्यांमध्ये नित्याचे होऊ लागले. बारावीनंतर किंवा पदवीनंतर या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे प्रश्न पडणे स्वाभाविक आहे : तीन-चार वर्षे आणि लाखो रुपये घालून हे शिकायचे कशासाठी?

टेक्निकल रायटर नेमके काय करतो?

मिक्सरच्या खोक्यातली घडीची पुस्तिका, बँकेच्या अ‍ॅपमधील ‘मदत’ विभाग, रुग्णालयातल्या इन्फ्युजन पंपाचे मॅन्युअल, विमानाच्या देखभालीच्या सूचना, एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याशी जोडण्यासाठी प्रोग्रामर वाचतात ते एपीआय डॉक्युमेंटेशन. हे सारे कोणीतरी लिहिलेले असते, पण त्यावर नाव नसते. हे लिहिणारा तो टेक्निकल रायटर.

त्याचे काम वाटते त्यापेक्षा कमी ‘लेखनाचे’ आणि जास्त ‘विचारण्याचे’ असते. यंत्र बनवणाऱ्या अभियंत्याला सगळे ठाऊक असते, म्हणूनच वापरणाऱ्याला काय ठाऊक नाही हे त्याला दिसत नाही. टेक्निकल रायटर या दोघांच्या मध्ये उभा असतो. तो अभियंत्याला प्रश्न विचारतो, यंत्र स्वतः चालवून पाहतो, कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर हे ठरवतो, इशारा कुठे द्यायचा ते ठरवतो आणि लिहिलेले अनोळखी माणसाच्या हाती देऊन तो कुठे अडखळतो ते पाहतो. प्रत्यक्ष लिहिणे हा या साखळीतला एकच दुवा आहे.

हा विषय विद्यापीठात कधी आला?

त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियांत्रिकीचे शिक्षण झपाट्याने वाढले. पदवीधर गणितात पक्के, पण त्यांचे अहवाल कोणाला कळत नाहीत, अशी ओरड सुरू झाली. टफ्ट्स कॉलेजमधील प्राध्यापक सॅम्युअल चँडलर अर्ल यांनी १९११ मध्ये अभियंत्यांसाठी टेक्निकल रायटिंगचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात रडार, विमाने आणि तोफांसाठी हजारो पुस्तिका लागल्या. त्या वाचणारे सैनिक काल-परवापर्यंत शेतात किंवा दुकानात काम करणारे होते. युद्धानंतर संगणक आले. १९४९ मध्ये ‘बायनॅक’ या संगणकाची वापरपुस्तिका लिहिणारे जोसेफ चॅपलिन हे संगणक क्षेत्रातले पहिले टेक्निकल रायटर मानले जातात. १९५० च्या दशकात रेन्सेलर पॉलिटेक्निक आणि आजचे कार्नेगी मेलन विद्यापीठ यांनी या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केले. जर्मनीत यंत्रउद्योगामुळे हा स्वतंत्र पेशा ठरला. तेथील ‘टेकोम’ ही व्यावसायिक संघटना १९७८ पासून काम करते आहे आणि तिच्या परिषदा भारतातही होतात.

म्हणजे हा विषय विद्यापीठात आला तो साहित्याच्या दारातून नव्हे, तर कारखाना, सैन्य आणि प्रयोगशाळेच्या गरजेतून. आजही त्याचे मोल तिथेच आहे.

चांगले इंग्रजी येणे पुरेसे का नाही?

कारण चुकीचे तांत्रिक लेखन बहुतेकदा व्याकरणदृष्ट्या अगदी बरोबर असते.

१ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान परतीच्या वाटेवर कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच त्या धोक्याबद्दल नासाच्या व्यवस्थापकांपुढे पॉवरपॉइंटच्या स्लाइड मांडल्या गेल्या. एका स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते. आदळलेला तुकडा चाचण्यांमध्ये वापरलेल्या तुकड्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा होता, म्हणजे त्या चाचण्यांचा आधार घेण्यात अर्थ नव्हता, ही खरी बातमी त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची चिरफाड केली. सविस्तर तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याची सवय हे नासातील सदोष तांत्रिक संवादाचे लक्षण आहे, असे मंडळाने नोंदवले. त्या स्लाइडमध्ये माहिती होती. चुकला होता तिचा क्रम.

बोईंग ७३७ मॅक्सच्या प्रकरणात माहितीच नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात या प्रकारची दोन विमाने कोसळून ३४६ जण मृत्युमुखी पडले. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणाऱ्या ‘एमकॅस’ या प्रणालीचे वर्णन वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये दिलेले नव्हते. अपघातांचे मूळ रचनेतल्या दोषात आणि कंपनीच्या निर्णयांत होते. त्याचे खापर कोणा लेखकावर फोडता येणार नाही. पण मॅन्युअलमध्ये काय लिहायचे आणि काय नाही, हा निर्णय सुरक्षेचा असतो, हे त्यातून जगाला कळले. ‘हे वैमानिकाला का सांगायचे नाही?’ असा प्रश्न कोणीतरी अधिकाराने विचारायला हवा. तो विचारण्याइतकी विषयाची जाण आणि हिंमत व्याकरणाच्या तासाला मिळत नाही.

मग पदवीत शिकवले काय जाते?

चांगल्या अभ्यासक्रमाचे साधारण चार भाग असतात.

पहिला, वाचकाचा अभ्यास. पुस्तिका कोण वाचणार, कुठे वाचणार, हातमोजे घालून की मोबाइलवर, घाईत की निवांत, हे आधी शोधायचे. वापरणाऱ्यासमोर बसून चाचणी घ्यायची आणि तो चुकला तर दोष त्याचा नव्हे, लेखनाचा मानायचा.

दुसरा, भाषेची शिस्त. याचा उत्तम नमुना विमान उद्योगात आहे. जगभरचे मेकॅनिक इंग्रजी मॅन्युअल वाचतात, पण अनेकांची ती मातृभाषा नसते. त्यासाठी ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ हे प्रमाण तयार झाले. त्यात सुमारे ९०० सामान्य शब्दांनाच मान्यता आहे. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे फक्त ‘मागून येणे’; ‘सूचना पाळा’ म्हणायचे असेल तर दुसरे क्रियापद वापरायचे. कृती सांगणारे वाक्य २० शब्दांच्या आत. इशारा कृतीच्या आधी, नंतर कधीच नाही. साध्या भाषेसाठी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय आयएसओ प्रमाणही आले आहे.

तिसरा, माहितीची बांधणी. एकाच यंत्राची दहा मॉडेल आणि वीस भाषा असतील, तर दोनशे पुस्तिका वेगवेगळ्या लिहिणे शक्य नसते. मजकुराचे छोटे, पुन्हा वापरता येणारे तुकडे करून ते जोडण्याची पद्धत वापरतात. आयबीएममध्ये जन्मलेले ‘डिटा’ हे त्याचे प्रमाण २००५ पासून खुले आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांत हेच काम प्रोग्रामर वापरतात त्या गिट आणि मार्कडाउनमध्ये चालते.

चौथा, कायदा आणि नीतिमत्ता. युरोपात यंत्र विकायचे तर त्या देशाच्या भाषेत सूचना द्याव्या लागतात. भारतातही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा न देणे, हा उत्पादकाला नुकसानभरपाईस जबाबदार धरण्याचा आधार होऊ शकतो. खोक्यातला तो घडीचा कागद म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उत्पादनाचाच भाग आहे.

साधने शिकायला दोन महिने पुरतात आणि ती दर काही वर्षांनी बदलतात. वाचक, शिस्त, बांधणी आणि जबाबदारी या गोष्टी मुरायला वेळ लागतो. विद्यापीठात जाण्याचे समर्थन करायचे तर ते एवढ्याच कारणासाठी करता येते.

एआयमुळे ही नोकरी जाणार का?

काही प्रमाणात जाईल, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अभियंत्याने दिलेल्या टिपणांचे नीटनेटके इंग्रजी करून देणे एवढेच ज्याचे काम होते, त्याचे काम यंत्र करू लागले आहे. अनेक नवोदितांची सुरुवात याच कामाने होत असे. ती पायरी निसटली, तर पुढच्या पायरीवर चढायचे कसे, हा खरा पेच आहे. कंपन्या त्याचे उत्तर देण्याच्या घाईत नाहीत. म्हणूनच पूर्वी नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मिळणारा सराव आता शिक्षणातच मिळायला हवा.

दुसऱ्या बाजूला, एआय यंत्र चालवून पाहत नाही. बटण खरोखर डावीकडे आहे की नव्या मॉडेलमध्ये उजवीकडे गेले, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. सांगितले नाही, तर ते आत्मविश्वासाने चुकीचे लिहिते. आणि चूक झाली तर जबाबदार कोण? फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने याचे उत्तर दिले. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीच्या तिकिटाबद्दल चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉटच्या बोलण्याला आपण बांधील नाही, हा कंपनीचा बचाव न्यायाधिकरणाने फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

यातली मेख लक्षात घ्यायला हवी. कंपन्यांचे चॅटबॉट उत्तरे देतात ती बव्हंशी त्यांच्याच मदतपानांतून आणि मॅन्युअलमधून उचलून. मूळ मजकूर जुना, विसंगत किंवा अर्धवट असेल, तर उत्तरही तसेच येणार. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? पूर्वी वाईट मॅन्युअल फारसे कोणी वाचत नसे. आता तेच मॅन्युअल चॅटबॉटच्या तोंडून लाखो ग्राहकांशी बोलते. लिहिणे स्वस्त झाले आहे, पडताळणी महाग झाली आहे. टेक्निकल रायटरचे भवितव्य या दुसऱ्या बाजूला आहे.

शिक्षणाची वाट कशी आहे?

भारतात या विषयाची स्वतंत्र, पूर्णवेळ पदवी दुर्मीळ आहे. अभियांत्रिकीत तो बहुधा एखाद्या पेपरपुरता येतो आणि तिथेही ‘कम्युनिकेशन स्किल्स’च्या नावाखाली अर्ज, ईमेल आणि गटचर्चा शिकवली जाते. पुणे, बंगळूरु, हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतले बहुसंख्य टेक्निकल रायटर इंग्रजी साहित्य, पत्रकारिता, विज्ञान किंवा अभियांत्रिकीतून आलेले आहेत. उरलेली जागा काही महिन्यांच्या खासगी वर्गांनी भरली आहे. त्यांतले काही चांगले आहेत, पण अनेक ठिकाणी भर असतो तो सॉफ्टवेअरची बटणे दाखवण्यावर.

अमेरिकेतील सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये टेक्निकल रायटरचे मध्यम वार्षिक वेतन ८०,०५० डॉलर होते आणि सुरुवातीला सामान्यतः पदवी अपेक्षित असते. हा आकडा दाखवून परदेशी पदवीची स्वप्ने विकली जातात. पण तिथले शुल्क, व्हिसाची अनिश्चितता आणि मातृभाषा इंग्रजी असलेल्यांशी स्पर्धा हा हिशेबही त्याच कागदावर मांडायला हवा. जर्मनीत कार्ल्सरूहसारख्या ठिकाणी उपयोजित विज्ञान विद्यापीठात हा विषय उत्तम शिकवला जातो. मात्र पदवीचे शिक्षण मुख्यत्वे जर्मनमधून होते आणि त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. आयर्लंडमध्ये लिमरिक विद्यापीठात इंग्रजीतून पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कर्ज काढून जाण्याआधी गुगलने सर्वांसाठी मोफत खुले केलेले टेक्निकल रायटिंगचे धडे करून पाहावेत. हे काम आपल्याला मानवते का, ते खिशाला झळ न लागता कळते.

कोणताही अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. विद्यार्थी खऱ्या यंत्रावर किंवा सॉफ्टवेअरवर, खऱ्या ग्राहकासाठी काम करतात का? लिहिलेले वापरणाऱ्याकडून तपासून घेतले जाते का? आणि एखादे दुसरे क्षेत्र, मग ते वैद्यकीय उपकरणे असो, वित्त असो वा प्रोग्रामिंग, सोबत शिकता येते का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती पदवी एआयपुढे टिकणारी नाही. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा विद्यार्थ्याने केलेल्या कामाचे नमुने पाहिले जातात. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना डॉक्युमेंटेशनसाठी कायम माणसे हवी असतात. ते नमुने तिथे घरबसल्या तयार होऊ शकतात.

यात मराठीचा संबंध कुठे येतो?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. कारणे अनेक होती : घातक रसायनांची मिश्रणे, उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव, विक्रीवरील ढिली देखरेख. पण त्या यादीत सूचनांचाही प्रश्न आहे. कीटकनाशकासोबत हिंदी, इंग्रजी आणि एक-दोन प्रादेशिक भाषांत माहितीपत्रक देणे नियमाने बंधनकारक आहे. डब्यावर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोणही असतो. म्हणजे कागदावर सारे आहे. मग ते शेतापर्यंत का पोहोचत नाही?

समजा, पत्रकावर ‘हेक्टरी ५०० मिली औषध ५०० लिटर पाण्यात’ असे छापले आहे. शेतकरी हेक्टरात बोलत नाही, एकरात बोलतो. तो ५०० लिटर पाणी कधीच एकत्र करत नाही. त्याच्या पाठीवर १५ लिटरचा पंप असतो आणि मजूर ‘इतके पंप झाले’ असे मोजतो. त्याला हवे आहे ते एकच वाक्य : ‘१५ लिटरच्या एका पंपाला १५ मिली; एका एकराला साधारण १३ पंप.’ हे गणित पत्रक लिहिणाऱ्याने करायचे की उन्हात उभ्या असलेल्या मजुराने? ते गणित त्याच्यावर सोडले की मापाची जागा बाटलीचे टोपण घेते.

भाषेचेही तसेच. ‘फवारणी करतेवेळी संरक्षक परिधानांचा वापर करण्यात यावा’ हे वाक्य शुद्ध आहे, पण ते कोणालाच उद्देशून नाही. ‘डबा उघडण्याआधी हातमोजे घाला. तोंडावर मास्क बांधा. वारा समोरून येत असेल तर फवारू नका,’ ही तीन वाक्ये माणसाशी बोलतात. आणि लाल त्रिकोण म्हणजे काय, हे त्रिकोणाशेजारीच लिहिले नाही, तर तो केवळ नक्षी उरतो. हे बदलायला रसायनशास्त्रातला शोध लागत नाही. टेक्निकल रायटिंग शिकलेला, मराठी उत्तम येणारा आणि लिहिण्याआधी शेतावर जाणारा माणूस लागतो. असा माणूस घडवणारा अभ्यासक्रम आज आपल्याकडे शोधावा लागतो.

महाराष्ट्राने काय करावे?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा कोश तयार करत आहे. अभियांत्रिकीचे काही शिक्षण मराठीतून सुरू झाले आहे. हे सारे शब्दांचे आणि मानाचे काम झाले. शब्द असले म्हणून सूचना तयार होत नाहीत. भाषेत तंत्र वापरता येणे ही पुढची पायरी आहे आणि तिथे मराठी अजून इंग्रजीच्या शब्दशः अनुवादावर जगते. अ‍ॅपमधली मराठी वाचवत नाही म्हणून मराठी माणूस भाषा बदलून इंग्रजी करतो, हे त्याचे मराठीवरचे प्रेम आटल्याचे लक्षण नव्हे. कोणी त्याच्यासाठी लिहिलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. शेजारी यवतमाळ. मराठीतील तांत्रिक लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम या दोन विद्यापीठांनी मिळून सुरू केला, तर त्याच्या प्रयोगशाळेसाठी इमारत लागणार नाही. शेत, कृषी सेवा केंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र पुरेल. कीटकनाशकांची पत्रके, पीक विम्याचे अर्ज, सौर पंपाच्या पुस्तिका आणि औषधांच्या सूचना हेच त्याचे पाठ्यपुस्तक. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतले अनुभवी टेक्निकल रायटर पाहुणे शिक्षक म्हणून मिळू शकतात. ‘मराठी घेऊन नोकरी काय मिळणार?’ या जुन्या प्रश्नाला भाषणांपेक्षा हे बरे उत्तर होईल.

त्यासाठी दोन अटी आहेत. हा अभ्यासक्रम मराठी विभागाच्या जुन्या पेपरांना नवे नाव देऊन चालणार नाही. त्यात तंत्रज्ञ, विधिज्ञ आणि प्रत्यक्ष वापरणारे लोक हवेत. आणि सरकारने स्वतःच्या अर्जांपासून आणि पत्रकांपासून सुरुवात करायला हवी, कारण मागणी निर्माण झाल्याशिवाय पदवीला बाजार मिळत नाही. अमेरिकेने २०१० मध्ये संघीय कार्यालयांना नागरिकांसाठी साधी भाषा वापरणे कायद्याने बंधनकारक केले. महाराष्ट्रात मराठीच्या वापराची सक्ती आहे, पण कळेल अशा मराठीची नाही.

एखादी संघटना बंद पडली म्हणून तिच्या कामाची गरज संपत नाही. जोपर्यंत यंत्र बनवणारा एक आणि चालवणारा दुसरा आहे, तोपर्यंत मध्ये उभे राहून ‘हे त्याला कळेल का?’ असे विचारणारा कोणीतरी लागणारच. मसुदा हवा तर एआयने करावा. त्याखाली सही करण्याची लायकी ज्या पदवीतून मिळते, ती घेण्यासारखी आहे.